उलट टपाली

चौतीस वर्षं मी शिकवलं. आधी संज्ञापन, मग व्यवस्थापन, आणि मधली सहा वर्षं एका व्यवस्थापन संस्थेची संचालक म्हणून खुर्चीत बसले. विषय बदलले, इमारती बदलल्या, पण हाताशी काम एकच राहिलं: सांगितलेलं पोचलं का, ते पाहायचं. त्या कामात जे कळलं ते इथे आकडे घालून मांडते आहे. पहिला अनुभव पहिलाच असायला हवा. बाकीचे मागेपुढे झाले तरी चालतील.

१. मी 'लिटर' म्हणाले आणि त्या घरात तांब्या होता

१९८२चा पावसाळा. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून मी नुकतीच बाहेर पडले होते आणि एका आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम करत होते. पावसाळ्यात लहान मुलांना जुलाब होतात, म्हणून महिलांच्या कार्यक्रमासाठी मीठ-साखर-पाण्याची माहिती लिहायला सांगितली. मी लिहिलं आणि मीच वाचलं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सावकाश, दोनदा. उच्चार स्वच्छ होते, वेळ बरोबर साधली होती, ड्युटी ऑफिसरांनी शाबासकी दिली.

बाराव्या दिवशी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर कुणा शाळकरी मुलाचं असावं, मजकूर त्याच्या आईचा. "बाई, तुमचं ऐकलं. लिटर म्हणजे केवढं ते कळलं नाही. आमच्या घरी तांब्या आहे. लेकराला हगवण लागली आहे." खाली गाव, पोस्ट, तालुका. नाव नव्हतं.

पोस्टाचा शिक्का आठ दिवसांपूर्वीचा होता.

त्या रात्री घरी जाऊन मी आमचा तांब्या दुधाच्या मापाने मोजला. लिटरला थोडा जास्त भरला. शेजारच्या काकूंचा आणून मोजला, तो पाऊण लिटरचाच होता. पाणी कमी पडलं तर मिठाचं प्रमाण वाढतं, आणि खारट पाणी आधीच सुकलेल्या लेकराला बाधतं. पुढच्या आठवड्याच्या पत्रोत्तरात मी सांगितलं, गवळ्याचं माप आणा, तांब्यात लिटरभर पाणी ओता, जिथवर येईल तिथे खूण करा. ते त्या बाईने ऐकलं का, ऐकलं तेव्हा उशीर झाला होता का, लेकरू उठून खेळायला लागलं का, हे मला कधीच कळलं नाही. कार्ड माझ्याकडे आहे. पुढे ज्या ज्या वर्गावर गेले, तिथे ते माझ्या पिशवीत होतं.

२. रेडिओ बोलतो, गाव ठरवतं

कार्डाने अस्वस्थ होऊन मी ग्रंथालयात वाचायला बसले, तेव्हा एक जुना अहवाल सापडला. १९५६ साली, फेब्रुवारी ते एप्रिल, पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. प्रत्येक गावात वीसेक जणांचं श्रोतामंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. तो संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला बसायचं: हे आपल्याकडे जमेल का, खर्च किती, अडचण कुठे. मग मंडळाचा सचिव ते लिहून पुण्याला पाठवायचा आणि त्या पत्रांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळायची.

मोजणी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने केली. त्यांनी तीन प्रकारची गावं तुलनेला घेतली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तिच्या मानाने फारच थोडी. आवाज तोच, कार्यक्रम तेच. एका ठिकाणी ऐकल्यावर बोलायची जागा होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र शॅनन आणि वीव्हरची आकृती पहिल्या पानावर असते. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, मधे बाण. शॅननने ती बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत, टेलिफोनसारख्या यंत्रणांमधून संदेश नेण्याच्या अभ्यासात मांडली आणि त्या कामाला ती उत्तम आहे. माणसांवर तशीच लावली की बाण एकाच दिशेने जातात. उलट्या बाणाला मराठी पुस्तकांत 'प्रत्याभरण' म्हणतात. हा शब्द माझ्या तोंडी कधी बसला नाही. मी मुलांना 'उलट टपाल' म्हणायला शिकवलं.

३. शिकवणाऱ्याचा पगार शिकणाऱ्याच्या आठवणीवर

हे उदाहरण मी दर वर्षी सांगितलं आणि दर वर्षी वर्ग गप्प झाला. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघर बायका पाठवून आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं. एक कोटीहून अधिक घरं झाली. माप लिटरचं नव्हतं. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणारी बाई निघून गेल्यावर काही दिवसांनी दुसरं माणूस त्याच घरी जायचं आणि त्या आईला किती आठवतं, तिला पाणी नीट करता येतं का, ते तपासायचं. जितकं आईला आलं, त्या हिशोबाने शिकवणारीला मेहनताना.

माझा पगार असा ठरला असता तर? मी हा प्रश्न स्वतःला मनापासून विचारत आले आहे. पहिल्या पाच वर्षांचा तरी मला अर्धाच मिळाला असता.

४. कपाटातला टीव्ही

१५ ऑगस्ट १९८४पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून देशभर दाखवले जाऊ लागले. पुढच्या वर्षी मी एका माध्यम केंद्रात लेखनाला लागले. एका कार्यक्रमावर आम्ही तीन महिने घालवले. प्रसारणाच्या दिवशी तो मुलांबरोबर पाहावा म्हणून मी एसटीने एका तालुक्याच्या कॉलेजात गेले. टीव्ही होता. लोखंडी कपाटात होता. किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ लग्नाला गेले होते.

त्यानंतर कुठलीही योजना समोर आली की मी आधी विचारते, किल्ली कुणाकडे आहे?

५. 'समजलं का?' हा प्रश्नच नाही

वर्गात 'समजलं का?' म्हटलं की माना हलतात. त्यात मुलांचा दोष नाही. 'नाही' म्हणणं म्हणजे साठ जणांसमोर स्वतःला कमी ठरवून घेणं, आणि शिवाय मॅडमनी नीट शिकवलं नाही असं म्हणणं. आपल्याकडे वाढलेलं कुठलं मूल ते म्हणेल?

१९९१पासून मी एक सवय लावून घेतली. तासाची शेवटची पाच मिनिटं. वहीच्या पानाचा चतकोर तुकडा. नाव घालायचं नाही. आज काय कळलं नाही, तेवढं एका ओळीत. ते गठ्ठे मी रात्री जेवणानंतर वाचायची आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिथून सुरू करायची. पहिले पंधरा दिवस सगळे 'सर्व कळले' लिहितात. आपण चिठ्ठ्या खरोखर वाचतो याची खात्री पटली की मग खरं यायला लागतं.

एका वर्षी नोव्हेंबरमध्ये एक चिठ्ठी आली: "दुपारी खिडकीतून ऊन येतं, फळ्याची उजवी बाजू आम्हाला दिसत नाही. जूनपासून." मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. खरोखर दिसत नव्हतं. चकाकीखाली माझं पांढरं अक्षर पार बुडालं होतं, आणि महत्त्वाच्या व्याख्या उजवीकडे लिहायची माझी पद्धत होती. पाच महिने. पडद्याचं कापड पंचेचाळीस रुपयांचं आलं.

६. नोटीस

याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ही चूक माझी होती आणि तिची किंमत दुसऱ्या कुणाला भरावी लागली असती.

२००२. मी संचालक होते. राखीव जागांवर प्रवेश घेतलेल्या काही मुलांची जात वैधता प्रमाणपत्रं यायची होती. मी नोटीस काढली, दोन पानी. पहिल्या पानावर: "ज्या विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्र विहित मुदतीत सादर केलेले नाही, त्यांचा प्रवेश आपोआप रद्द समजण्यात येईल." दुसऱ्या पानावर, चौथ्या कलमात: समितीकडे अर्ज केल्याची पावती असेल त्यांनी हमीपत्र देऊन मुदत वाढवून घ्यावी. फलकावर पहिलं पान वर होतं, दुसरं त्याच्या मागे. दोन्ही पानं एकाच टाचणीत.

चार दिवसांनी माझ्या तासाला एक मुलगी दिसली नाही. परभणी जिल्ह्यातली, वसतिगृहात राहणारी, पहिल्या बाकावरची. मैत्रीण म्हणाली, "ती गावी गेली, मॅडम. कायमची."

आमच्या शिपाई मामांना मी विचारलं. मामा म्हणाले, "ती पोरगी बोर्डासमोर लई वेळ उभी होती. मग ट्रंक घेऊन निघाली. मी विचारलं तर म्हणाली, रद्द झालं."

"मग मामा, मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या केबिनवर तांबडा दिवा लागला होता, मॅडम."

मीटिंग चालू असली की तो दिवा लावायची पद्धत माझ्या आधीपासूनची होती. त्या दिवशी मीटिंग कसली होती? विद्यार्थी कल्याणाची.

तिच्या गावात फोन एका दुकानात होता. आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब दोन दिवस तो लावत होते. तिसऱ्या दिवशी निरोप पोचला, पाचव्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. तिच्या पिशवीत समितीची पावती होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून. पहिल्या दिवसापासून होती. मी वडिलांची माफी मागितली. ते अवघडून उभेच राहिले. म्हणाले, "तसं नाही मॅडम. आम्हाला वाटलं, सही-शिक्क्याचा कागद आहे. त्याला काय विचारायचं?"

मी पंधरा वर्षं संज्ञापन शिकवत होते. आणि माझ्या सहीने असा कागद निघाला होता की ज्याला काही विचारता येत नाही, असं एका बापाला वाटलं.

तांबडा दिवा त्याच आठवड्यात काढला. नोटिशींसाठी नियम केला: फलकावर जाण्याआधी प्रत्येक नोटीस मामांनी मोठ्याने वाचायची आणि 'म्हणजे पोरांनी काय करायचं' ते आपल्या शब्दांत सांगायचं. मामांनी चुकीचं सांगितलं तर चूक मामांची नाही, नोटिशीची. ती परत लिहायची. 'विहित मुदतीत' गेलं, 'शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत' आलं. 'सक्षम प्राधिकारी' गेले, 'खिडकी क्रमांक दोन' आली. 'मामांना दाखवली का?' हा ऑफिसात रोजचा प्रश्न झाला. मामांनाही त्याचं मोल होतं. ते चष्मा पुसून, खुर्चीवर नीट बसूनच वाचायचे.

७. हॉथॉर्नमधले दिवे सगळे सांगतात, मुलाखती कुणी सांगत नाही

व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात हॉथॉर्नचा प्रयोग शिकवतात. शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, १९२४पासूनचे प्रयोग, उजेड कमी-जास्त केला तरी काम वाढतं वगैरे. त्याच कारखान्यात १९२८पासून वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, तो भाग दोन ओळींत उरकतात. आधी प्रश्न ठरलेले होते. कामगार त्यांची उत्तरं देऊन पुन्हा स्वतःच्याच गोष्टीकडे वळायचे. तेव्हा प्रश्नावली बाजूला ठेवली आणि माणूस बोलेल ते ऐकायचं ठरलं. मुलाखती लांबल्या, आणि त्यांतून खरं बाहेर आलं.

नोटिशीच्या प्रकरणानंतर मी दर सोमवारी सकाळी अर्धा तास ऑफिसात, भाऊसाहेबांच्या टेबलाशी चहा घ्यायला लागले. विषयपत्रिका नाही. त्या अर्ध्या तासात मला संस्थेबद्दल जे कळलं, ते कुठल्याही मासिक अहवालात नव्हतं.

८. आधी डोक्यातली भाषा, मग बाजारातली

एमबीएला सादरीकरण इंग्रजीत करायचं असतं. नाशिक जिल्ह्यातला, निफाड तालुक्यातला एक मुलगा होता. घरची कांद्याची शेती. विषय होता वाटाघाटी. तो उभा राहिला, दोन इंग्रजी वाक्यं म्हणाला, तिसऱ्याला अडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी म्हटलं, "अरे, लासलगावच्या बाजारात वडिलांबरोबर जातोस ना? तिथे काय होतं ते सांग. मराठीत सांग."

त्याने खडू घेतला. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग काढली. लिलाव पुकारणारा पुढे, व्यापारी त्याच्याबरोबर ट्रॉलीवरून ट्रॉलीकडे. वरचा कांदा हातात घेऊन दाबून पाहायचा, मान वाकडी करून खालचा पाहायचा. एका ट्रॉलीला जेमतेम मिनिट मिळतं, आणि त्या मिनिटात एका घराचं चार महिन्यांचं पीक क्विंटलच्या भावाने विकलं जातं. खाली करताना मधे गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निघाली की व्यापारी भाव तोडतो. "मग तिथे खरी बोलणी असतात, मॅडम. लिलावात नाही. माझे वडील तेव्हा काहीच बोलत नाहीत. पाटीत दोन्ही प्रकारचा कांदा घेतात आणि व्यापाऱ्यासमोर ठेवतात. तो बोलेपर्यंत उभे राहतात."

बारा मिनिटं तो बोलला. कुणी चुळबुळ केली नाही. गप्प राहणं हीसुद्धा बोलणी असते, हे मी अमेरिकी पुस्तकातून तीन तासांत सांगितलं असतं, तरी इतकं पोचलं नसतं.

नंतर आम्ही तेच इंग्रजीत बसवलं. तीन आठवडे लागले, पण जमलं, कारण आता त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं. इंग्रजी लागतं, नोकरीच्या दारात लागतंच, आणि ते नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ज्या भाषेत मूल विचार करतं ती दाराबाहेर ठेवून आत ये म्हटलं, तर आत येतं ते नुसतं घाबरलेलं शरीर. पुढे मी पहिलं सादरीकरण सगळ्यांना त्यांच्या घरच्या भाषेत करायला लावलं. अहिराणी ऐकली, कोकणी ऐकली, एकदा गोरमाटी. न कळलेलं बाकीच्यांनी विचारायचं, सांगणाऱ्याने समजावायचं. तोच अभ्यास.

९. गुण

२०१०नंतर बढतीसाठी शोधनिबंध, परिषदा, पुस्तकं यांना गुण आले. संशोधन मोजायला हवं, हे मला पटतं. पण पुढच्या काही वर्षांत माझ्या टेबलावर असे निबंध आले, जे लिहिणाऱ्याखेरीज कुणी वाचावेत अशी अपेक्षाच नव्हती. तरुण सहकारी विचारायचे, मॅडम, कुठे छापू? मी विचारायची, हे वाचून कुणी पत्र पाठवावं असं तुला वाटतं? कुणी, ते नाव सांग. नाव सांगता आलं की आम्ही दोघं बसून निबंध नीट करायचो.

१०. काळे चौकोन

मी २०१८ला निवृत्त झाले. मार्च २०२०मध्ये एका संस्थेत तासिकेवर शिकवत असताना सगळं बंद पडलं. पडद्यावर बावन्न काळे चौकोन, त्यांत नावं. चौतीस वर्षांत इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. तास निम्मा केला आणि उरलेल्या वेळात रोज पाच मुलांना फोन लावायला लागले. एक पाण्याच्या टाकीवर चढून तास ऐकायचा, रेंज तिथेच यायची. एकीच्या घरात फोन एक आणि शिकणारी भावंडं तीन. एकाचे वडील दवाखान्यात होते. त्याने चौकोन चालू ठेवला होता, हजेरीसाठी.

११. रेघ

ते पोस्टकार्ड आलं त्या गावी मी निवृत्त झाल्यावर पुढच्या वर्षी गेले. नाव नसताना शोधायचं कुणाला, हे मला कळत होतं. तरी गेले. पारावर दोन म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या वर्षी हगवण तर घरोघरी होती, बाई.

मग अंगणवाडीत जाऊन टेकले. सेविका ताईंनी पाणी दिलं. कपाटावर ओआरएसच्या पाकिटांचा खोका होता आणि त्याच्या शेजारी एक जुना, पिवळा पडलेला प्लॅस्टिकचा जग. जगावर लाल नेलपॉलिशची रेघ होती, मधे मधे उडालेली, नंतर पुन्हा कुणी गिरवलेली.

मी विचारलं, "ही रेघ कशाची, ताई?"

"लिटरची. पाकीट लिटरभर पाण्याला असतं ना. बायका घरचा तांब्या घेऊन येतात, मग इथे मापून त्यावर खिळ्याने खूण करून देते."

"हे तुम्ही सुरू केलंत?"

"नाही हो. माझ्या आधीच्या बाईंच्या वेळचं आहे. त्यांच्याही आधीचं असेल. मी फक्त रंग देते."